सुट्टीतील बेने इस्रायली वर्ग: कीर्तनासाठी जरूर जावे

बेने इस्रायली या महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, ठाण्यातील एका सिनेगॉगने (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाने) उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी चालवलेले वर्ग मला मनापासून आवडले. हिब्रू अक्षरओळख आणि शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिवसाच्या) प्रार्थना नेटकेपणाने शिकवल्या जातातच. परंतु खरे मोल आहे ते मराठी कीर्तनाचे, कारण १८८० च्या सुमारास बेने इस्रायलींनी हरिदासी परंपरेतून घेऊन योसेफ, मोशे या बायबलमधील व्यक्तींच्या कथांसाठी वापरलेला हा प्रकार आज क्वचितच ऐकू येतो, आणि येथे मुले तो टाळ धरून गातात. शाबुओथ या ज्यू सणाच्या रात्री तोरा या धर्मग्रंथाचे वाचन अर्थासह झाले. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ व ओल्या खोबऱ्याचा मलिदा हा नैवेद्यही सर्वांनी मिळून केला. कीर्तनाला आठवड्यातून एकच तास मात्र फारच अपुरा आहे. तो वाढवावा आणि पालकांनाही सोबत बसू द्यावे.