कॉम्पोझिशन की अमेरिकन साहित्य? अमेरिकेत शिकवू पाहणाऱ्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यासाठी

पुणे, मुंबई किंवा नागपूरहून इंग्रजीत एम.ए. करून डॉक्टरेटसाठी अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्याला असिस्टंटशिप, म्हणजे विभागाकडून आर्थिक मदत, मिळते ती बहुधा शिकवण्याच्या अटीवर, आणि वाट्याला येतो तो पहिल्या वर्षाच्या मुलांचा कॉम्पोझिशनचा, म्हणजे लेखनाचा वर्ग. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अनेक विभाग पसंती विचारतात: कॉम्पोझिशनच चालू ठेवायचे की अमेरिकन साहित्याचा सर्व्हे कोर्स, म्हणजे कालक्रमाने आढावा घेणारा अभ्यासक्रम, घ्यायचा? प्रश्न एका सत्राचा वाटतो, परंतु प्रबंधाचा विषय, नोकरीच्या अर्जात दाखवायचा अनुभव आणि पुढची काही वर्षे रोज कोणते काम करायचे, हे सारे त्याच्याशी जोडलेले असते. मी दोन्ही वर्ग शिकवले आहेत, म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो: आधी किमान दोन वर्षे कॉम्पोझिशन शिकवावे आणि मग साहित्याकडे वळावे.

आपल्याकडून जाणाऱ्यांना हे उलटे वाटते, कारण साहित्य हा खरा विषय आणि लेखन शिकवणे हे दुय्यम काम, अशी आपली समजूत असते. इतिहास वेगळा आहे. हार्वर्डने 1885 मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम लावला, तेव्हा अमेरिकन साहित्य हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानायला अमेरिकेतली विद्यापीठेही फारशी तयार नव्हती. 1851 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्मन मेल्व्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीला आजचे स्थान मिळाले ते 1920 च्या दशकात, आणि या विषयाला वाहिलेले ‘अमेरिकन लिटरेचर’ हे संशोधन-नियतकालिक निघाले 1929 मध्ये.

दोन्ही वर्गांतला मूळ फरक टेबलावर कोणाचा मजकूर आहे, हा आहे. साहित्याच्या वर्गात तो कवयित्री एमिली डिकिन्सनचा किंवा कृष्णवर्णीय कादंबरीकार टोनी मॉरिसनचा असतो, तर कॉम्पोझिशनच्या वर्गात समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचा कच्चा मसुदा हाच पाठ्यपुस्तक असतो. त्यामुळे श्रमही वेगळे पडतात. कॉम्पोझिशनच्या तुकडीत वीसपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, अशी तिथल्या लेखन-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. अशा दोन तुकड्या, प्रत्येकी चार निबंध, आणि प्रत्येक निबंधाचा एक मसुदा व एक अंतिम प्रत धरली, तर सत्रात 320 वेळा वाचन होते. प्रत्येकाला वीस मिनिटे दिली तरी हे शंभराहून अधिक तासांचे काम आहे. साहित्याच्या वर्गात उत्तरपत्रिका कमी असतात, पण तयारी प्रचंड असते: एका आठवड्यात प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाची प्रवचने, पुढच्या आठवड्यात निबंधकार थोरो, त्यानंतर अमेरिकन यादवी युद्धाची पार्श्वभूमी. वर्गातली मुले बायबलचे आणि शाळेत शिकलेल्या अमेरिकन इतिहासाचे संदर्भ सहज ओळखतात, आणि आपल्याला ते आदल्या रात्री बसून वाचावे लागतात.

हा फरक एकाच पुस्तकात पाहता येतो. गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय लेखक फ्रेडरिक डग्लस यांचे 1845 चे आत्मकथन दोन्ही वर्गांत लावले जाते. त्यात बाल्टिमोरच्या रस्त्यांवर गोऱ्या गरीब मुलांना भाकरी देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकण्याचा प्रसंग आहे. साहित्याच्या वर्गात मी तो गुलामांच्या आत्मकथनांच्या परंपरेत ठेवून वाचतो, आणि पुस्तकाच्या आरंभी गुलामगिरीविरोधी चळवळीतले गोरे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना व वेंडेल फिलिप्स यांचे पत्र का आहे, हे विचारतो. कृष्णवर्णीय माणसाचे लेखन त्याचे स्वतःचेच आहे, याची ग्वाही दोन गोऱ्यांनी द्यावी लागत होती, हे कळले की तासाची दिशा बदलते. कॉम्पोझिशनच्या वर्गात तोच मजकूर घेऊन प्रश्न वेगळा विचारावा लागतो: शिक्षणाच्या हक्कावर सरळ भाषण न देता डग्लस इथे भाकरीची देवघेव का सांगतात, त्या मुलांची नावे देण्याचे का टाळतात, आणि तुमच्या निबंधात एखादा प्रसंग युक्तिवादाचे असे काम करतो का? पहिल्या वर्गात विद्यार्थी डग्लस यांच्याविषयी लिहितो. दुसऱ्या वर्गात तो डग्लस यांच्याकडून लिहायला शिकतो. आपल्या एम.ए.च्या शिक्षणात पहिल्याची सवय भरपूर होते आणि दुसऱ्याची जवळजवळ होत नाही, म्हणूनच कॉम्पोझिशन शिकवताना शिक्षकाचे स्वतःचे लेखनही सुधारते. माझ्या प्रबंधातली प्रकरणे या वर्गामुळे वाचनीय झाली, असे मी मनापासून मानतो.

मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षकाची एक जमेची बाजू सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजी आपण चुका करत, नियम पाठ करत, जाणीवपूर्वक शिकलेलो असतो, त्यामुळे विद्यार्थ्याचे वाक्य कुठे आणि का मोडले हे आपल्याला चटकन दिसते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये 1970 पासून प्रवेश खुले झाले, तेव्हा आलेल्या मुलांचे निबंध तिथल्या लेखन-शिक्षिका मीना शॉनेसी यांनी बारकाईने तपासले आणि चुकांनाही स्वतःचे तर्कशास्त्र असते, हे 1977 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले. ते वाचताना मला माझी आठवी-नववीची इंग्रजीची वही आठवली.

साहित्याच्या बाजूनेही आपले नाते खरे आहे. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. दलित साहित्य वाचून आलेल्या शिक्षकाला डग्लस किंवा मॉरिसन शिकवताना अशी दृष्टी मिळते, जी तिथल्या अनेक सहकाऱ्यांकडे नसते. मात्र प्रत्येक तासाला तुलना आणू नये; आधी मजकूर त्याच्या भूमीत नीट उभा राहिला पाहिजे.

नोकरीचा विचार करता तराजू स्पष्टपणे एका बाजूला झुकतो. 2008 च्या आर्थिक मंदीनंतर साहित्याच्या कायमस्वरूपी जागा बऱ्याच घटल्या आहेत, तर लेखनाचे वर्ग जवळजवळ प्रत्येक कॉलेजला चालवावेच लागतात. कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, इंग्रजीच्या शिक्षकाचे मुख्य काम तेच असते, आणि विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या रायटिंग सेंटरमधल्या जागाही याच अनुभवावर मिळतात. अर्थात यातली बरीच कामे अर्धवेळ आणि तुटपुंज्या मानधनाची असतात, हेही धरूनच निर्णय घ्यावा. चॅटजीपीटी आल्यापासून या वर्गाचे स्वरूपही बदलले आहे: घरून आणलेल्या निबंधावर विसंबता येत नाही, वर्गातले लेखन आणि मसुद्यांवरची समोरासमोरची चर्चा वाढवावी लागते, आणि तेवढा वेळ अधिक जातो. मात्र ज्याला महाराष्ट्रात परतून शिकवायचे आहे, त्याने अमेरिकन साहित्यातच प्रबंध करावा, कारण आपल्याकडच्या एम.ए.त त्या विषयाला जागा असते. कॉम्पोझिशनचा वेगळा विभाग असलेले विद्यापीठ इथे शोधून सापडणे कठीण.

साहित्याचा वर्ग मागायची वेळ येईल, तेव्हा सर्व्हेचा पूर्वार्ध, म्हणजे आरंभापासून 1865 पर्यंतचा भाग मागावा. त्यातील बहुतेक इंग्रजी मूळ ग्रंथांवरचा कॉपीराइट केव्हाच संपलेला असल्याने विद्यार्थ्यांना अँथॉलॉजीचे, म्हणजे निवडक साहित्याचे, महागडे खंड सहसा विकत घ्यावे लागत नाहीत, आणि कॉम्पोझिशनमध्ये दोन वर्षे शिकवलेला डग्लस तुमच्या टिपणांसह तिथे आधीच तयार असतो.