बिअरचा फर्मेंटर: बादली उत्तम, नळ दळभद्री

दिवाळीनंतर हा दहा लिटरचा फर्मेंटर, म्हणजे पेय आंबवायची बादली, मागवला. झाकण, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरचं काही आत न येऊ देणारी पाण्याची झडप), खाली नळ हे सगळं फोटोत दिसतंच. वस्तू बिअरसाठीची आहे, पण विनापरवाना बिअर करणं आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. शिवाय महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यातच निघाली, तेव्हा ताज्या बिअरसाठी घरी खटाटोप कशाला? मी यात आल्याची बिअर करतो, ती नावापुरतीच बिअर. आलं-साखर उकळायचं, गार झालं की लिंबू आणि चिमूटभर यीस्ट, मग एक-दोन दिवसांत बाटल्या भरून फ्रिजमध्ये.

थंडीभर तक्रार नव्हती. फेब्रुवारी सरता सरता ग्लासात ओतलेल्या पेयाला तार आली, भेंडीच्या पाण्यासारखी. वास ठीक, पण घोट घेववेना. हिने सगळं मोरीत ओतलं. मेव्हणा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. फोटो बघून म्हणाला, "दाजी, हा ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू दिसतोय. ऊस शिळा झाला की आमच्याकडेही हाच ताप. साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ सोडतो." विषारी नाही, पण पेय गेलंच.

मग बादली साबणाने धुतली, केएमएसच्या (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सरबतं टिकवायची पूड) पाण्याने विसळली. (केएमएसने जंतू दबतात, सगळे मरतातच असं नाही, हे सरबतं टिकवणाऱ्यांना माहीत असेल.) तारेची घासणी मी बादलीला लावू देत नाही, कारण प्लॅस्टिकवर चरे पडले की जंतू त्यात बसतात. कामवाल्या मावशींना तसं बजावलेलं आहे. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तार.

उरला नळ. बाहेरून चकचकीत. गरम पाण्यात बुडवून, चमच्याच्या मागच्या टोकाने ढकलून आतली फिरकी बाहेर काढली, तर फिरकी आणि नळी यांच्या फटीत तपकिरी बुळबुळीत थर! वायसरखालीही तोच. बादली कितीही निर्जंतुक करा, शेवटी सगळं पेय याच फटीतून ग्लासात येणार. मळावर सॅनिटायझर ओतून काही होत नाही, आधी घासावं लागतं. आणि जे उघडत नाही ते घासणार कसं? माहितीपत्रकात नळ उघडता येतो याचा उल्लेखसुद्धा नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "नळ उघडल्यास वॉरंटी रद्द होते." म्हणजे घाण बघितली हाच गुन्हा! नवा नळ ३८० रुपये, कुरिअरचे १२० वेगळे. मी बोहरी आळीत जाऊन त्याच मापाचा सिलिकॉनचा वायसर वीस रुपयांत आणला. आता दर खेपेनंतर नळ सुटा करून जुन्या पातेल्यात उकळतो. उकळून त्याचा आकार बदललेला नाही, ही मात्र मालाची खरी जमेची बाजू. त्यानंतर तार आलेली नाही.

एक तारा द्यायचं ठरलं होतं, पण उन्हाळ्यात एअरलॉकबद्दल मत बदललं. आधी मला तो शोभेचा वाटायचा. चिलटांच्या दिवसांत फडकं बांधलेल्या बरणीवर ती घोंगावत होती, या बादलीत एकही शिरलं नाही. फक्त उकळलेलं सरबत कोमट असताना झाकण लावू नका. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. त्यात नळाचं पाणी असेल तर तेही पेयात. मी उकळून गार केलेलं घालतो.

नवख्यांना घाबरवणारी आणखी एक गोष्ट: वर येणारा पांढरा फेस. तो यीस्टचा असतो. बुरशी कोरडी, लवदार, ठिपक्याठिपक्यांची असते. ती दिसली तर वरवर काढून पिऊ नका, सगळं टाका. खऱ्या बिअरमध्ये हॉप्स नावाची कडू फुलं असतात, ती काही जंतूंना आवरतात. आल्याच्या बिअरला तो आधार नाही, म्हणून लिंबात कंजुषी नको. काचेच्या बाटल्याही नकोत. यीस्टचं काम बाटलीतही चालूच राहतं, त्यामुळे फ्रिजमध्ये जायच्या आधीच दाब वाढून बाटली फुटू शकते. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली दाबून बघता येते, कडक लागली की फ्रिज.

बादली आणि झाकणासाठी तीन तारे. चौथा मी नळासाठी राखून ठेवला होता. काल विक्रेत्याचा मेसेज आला, रिव्ह्यू बदलला तर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. नवा नळ फुकट पाठवा म्हणून कळवलंय. मेसेज वाचल्याची खूण आलीय, उत्तर नाही.