लंडनचे फ्रॉइड संग्रहालय: कोच पाहावा, पण वरचा मजला चुकवू नये

लंडनच्या फिंचली रोड स्थानकावर उतरून चढाच्या रस्त्याने थोडे चालत गेले की मॅरसफील्ड गार्डन्स ही शांत गल्ली लागते. तिथल्या २० क्रमांकाच्या विटांच्या घरावर दोन निळ्या पाट्या आहेत, एक मनोविश्लेषण या उपचारपद्धतीचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या नावाची आणि दुसरी त्यांची धाकटी कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांच्या नावाची. बहुतेक लोक पहिल्या पाटीसाठी येतात. मीही तेवढ्यासाठीच गेलो होतो, आणि तेही वार न पाहता, त्यामुळे पहिल्या खेपेस बंद दाराला नमस्कार करून परतावे लागले. दुसऱ्या खेपेस तासाभरात आटोपेल असे वाटलेली भेट तीन तास चालली आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्या पाटीने घेतला.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर, जबड्याच्या कर्करोगाने आधीच जर्जर झालेले ८२ वर्षांचे फ्रॉइड जूनमध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आले आणि सप्टेंबरअखेर या घरात राहू लागले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी याच घरातील अभ्यासिकेत त्यांचे निधन झाले, म्हणजे त्यांना येथे पुरते वर्षही लाभले नाही. तरीही तळमजल्यावरची ती अभ्यासिका उपऱ्याची वाटत नाही, कारण व्हिएन्नाहून आलेले सामान घरकाम सांभाळणाऱ्या पाउला फिख्टल यांनी जुन्या खोलीची मांडणी आठवून जिथल्या तिथे लावले होते. पुढे अ‍ॅना यांनी १९८२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत ती खोली तशीच जपली आणि १९८६ मध्ये घराचे संग्रहालय झाले.

खोलीत उजेड मंद ठेवलेला आहे आणि डोळे सरावायला क्षणभर लागतो. मग तो कोच दिसतो, ज्यावर पडून रुग्ण फ्रॉइड यांच्याशी बोलत. पाठ्यपुस्तकातील चित्रावरून मी काहीतरी दवाखानी, कातडी बैठकीचे असेल असे समजत होतो. प्रत्यक्षात त्यावर इराणी गालिचा पसरलेला आहे, उशांची उतरंड आहे आणि एकूण थाट एखाद्या जुन्या वाड्यातील लोडतक्क्यांच्या बैठकीसारखा आहे. दोरीच्या अलीकडूनच पाहावे लागते, पण पाहण्यासारखी गोष्ट कोचाच्या उशाशी, जरा मागे आहे: फ्रॉइड यांची हिरवी खुर्ची. पडलेल्या माणसाला ती दिसूच शकत नाही. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेले आपल्याला सोसवत नाही, असे साधे कारण फ्रॉइड यांनी १९१३ मधील एका लेखात दिले आहे. परीक्षेपुरते इदम्, अहम्, पराहम् (फ्रॉइड यांनी कल्पिलेले मनाचे तीन भाग: वासना, व्यवहारी ‘मी’ आणि सदसद्विवेक) घोकलेल्या माझ्यासारख्याला मनोविश्लेषण म्हणजे काय, हे त्या खुर्चीच्या जागेवरून अधिक कळले: एकाने मनात येईल ते न गाळता बोलत राहायचे आणि दुसऱ्याने नजरेआड बसून ऐकायचे.

लिहिण्याच्या मेजावर प्राचीन मूर्तींची दाटी आहे. सबंध संग्रह सुमारे दोन हजार वस्तूंचा आहे. त्या गर्दीत भारतीय माणसाने शोधावी अशी एक हस्तिदंती विष्णुमूर्ती आहे. ती कलकत्त्याच्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त पाठवली होती. संस्थेचे संस्थापक गिरीन्द्रशेखर बोस हे काही नुसते भक्त नव्हते. युरोपीय रुग्णांत ठळक दिसणारी काही लक्षणे आपल्या भारतीय रुग्णांत तितकी ठळक नाहीत, असे त्यांनी फ्रॉइड यांना पत्राने कळवले होते. मूर्ती मेजावर स्थिरावली, मतभेद मात्र फ्रॉइड यांनी फारसे मनावर घेतले नाहीत.

आज फ्रॉइड यांचे अनेक सिद्धान्त टिकलेले नाहीत, आणि मोजक्या रुग्णांच्या हकिगतींवरून त्यांनी साऱ्या मानवजातीविषयी काढलेले निष्कर्ष मलाही पटत नाहीत. ज्यांचे विचार कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस मुळात मनोविश्लेषकच होते आणि त्या पद्धतीला कंटाळून त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची, म्हणजे अविवेकी समजुती बदलून मनाचा त्रास कमी करण्याची, वाट धरली. परंतु बोलण्याने मनाचे दुखणे हलके होऊ शकते, ही गोष्ट उपचार म्हणून रुजवणाऱ्या माणसाची खोली पाहण्यासाठी त्याचा प्रत्येक शब्द मान्य असण्याची गरज नाही.

आता वरचा मजला. अ‍ॅना फ्रॉइड यांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा कोच आहे आणि शेजारी चक्क हातमाग. १९३६ मध्ये त्यांनी अहम्‌च्या बचाव यंत्रणांवर, म्हणजे नकोशा भावनांपासून मन स्वतःला कसे वाचवते यावर, ग्रंथ लिहिला. आपण सहज म्हणतो की अमक्याने साहेबाचा राग घरी काढला, त्या स्वभावाची शास्त्रीय मांडणी करण्यात त्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. माझ्या मते मात्र त्यांचे खरे काम महायुद्धात झाले. डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह त्यांनी याच हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी निवासी बालगृहे चालवली आणि लहान मुलांना बाँबपेक्षा आईपासूनची ताटातूट अधिक सोसत नाही, हे तिथे रोजच्या निरीक्षणातून नोंदवले. त्यावर उपाय म्हणून मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एकेक ठरावीक सांभाळणारी दिली गेली.

या बालगृहांत निरीक्षणाच्या नोंदी कागदावर उतरवण्याचा नेम सर्वांना होता, अगदी बॉयलर सांभाळणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनाही. हेच रॉबर्टसन पुढे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी झाले आणि त्यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस आईविना राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. भेटीच्या वेळा कडकपणे मर्यादित ठेवणाऱ्या ब्रिटिश रुग्णालयांत आईला मुलाजवळ थांबू देण्याची पद्धत हळूहळू आली, त्यामागे हे काम आहे. बोल्बींचा आसक्तीचा सिद्धान्त, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील बंधाची मांडणी, आज मनोविश्लेषणाबाहेरही शिकवली जाते.

मी गेलो त्या दिवशी खालच्या कोचापाशी बारा-पंधरा माणसे होती आणि हातमागापाशी मी एकटा. तेव्हा दोन तास तरी हाताशी ठेवावेत, जाण्यापूर्वी उघडण्याचे वार पाहावेत आणि जमल्यास आधी सरळ जिना चढून वरूनच सुरुवात करावी.