बँकेचा ताळा जुळत होता

आमचा हिशेबनीस आजारी पडला, म्हणून थकबाकीची पत्रं त्या महिन्यात पहिल्यांदा मी स्वतः पाठवली. दुसऱ्याच दिवशी एका जुन्या ग्राहकाचा फोन. "ताई, हे काय पत्र पाठवलंत? ३ तारखेलाच पैसे दिलेत की मी. रोख. पावती आहे माझ्याकडे."

पावतीचा फोटो आला. क्रमांक ४१२, शिक्का आमचा, सही हिशेबनिसाची. त्याच्या खात्यावर मात्र ती रक्कम येणे बाकीच.

आमचा व्यवसाय पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा. माणसं मोजकी, आणि मी कायम मशीनपाशी नाहीतर ग्राहकांकडे. "ताई, तुम्ही धंदा बघा, कागदांचं माझ्यावर सोडा," असं तो म्हणायचा आणि मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. रोख घ्यायची त्याने, पावती फाडायची त्याने, बँकेत भरणा त्याचा, वहीत नोंदही त्याचीच. रजा म्हणून कधी घेतली नाही. सणासुदीलाही तासभर येऊन जायचा. किती निष्ठेचा माणूस, असं मी चारचौघांत सांगत असे.

मी अगदीच झोपलेली नव्हते, हेही सांगायला हवं. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट आणि वही शेजारी ठेवून ताळा बघायचे. तो पैशापर्यंत जुळायचा, आणि तिथेच मी फसले. हिशेबनीस काय करायचा, तर एका ग्राहकाने दिलेली रोख खिशात घालायचा. पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्याचा चेक आला की तो रीतसर बँकेत भरायचा, पण वहीत जमा दाखवायचा पहिल्याच्या नावावर. मग दुसऱ्याचं खातं तिसऱ्याच्या पैशाने भरायचं. याची टोपी त्याला, त्याची तिसऱ्याला. बँकेत आलेला प्रत्येक पैसा वहीत दिसतोच, फक्त चुकीच्या नावावर. ही साखळी रोज हलवत राहावी लागते, म्हणून त्याला रजा परवडत नव्हती.

उघडकीला आलं ते स्थळप्रतींमुळे, म्हणजे पावतीपुस्तकात आपल्याकडे राहणाऱ्या प्रतींमुळे. तीन रात्री बसून मी प्रत्येक पावतीची तारीख आणि वहीतल्या जमेची तारीख समोरासमोर लिहिली. सुरुवातीला फरक चार दिवसांचा, मग अकरा, मग सव्वीस. भोक जसं मोठं होत गेलं तसे दिवस वाढत गेले. दर महिन्याला केलं तर हे काम अर्ध्या तासाचं आहे. महिन्याला दहा पावत्या कुठल्याही उचला आणि तारखा जुळवा. ग्राहकांना त्यांच्या खात्याचा उतारा थेट मालकाने पाठवला, तरी अशी लबाडी महिनाभरात बाहेर येते.

असे प्रकार तपासणाऱ्यांची 'असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एग्झामिनर्स' नावाची संघटना आहे. तिच्या २०२४ च्या अहवालात असं प्रकरण उघड व्हायला लागणारा मध्यक काळ (निम्मी प्रकरणं त्याहून लवकर, निम्मी उशिरा) १२ महिने दिला आहे, आणि ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या माहितीमुळे बाहेर येतात. माझे १४ महिने गेले आणि माहिती ग्राहकानेच दिली. म्हणजे मी काही फार वेगळी मूर्ख नाही, एवढंच समाधान.

पुढच्या चुका मात्र खास माझ्या. बाहेरगावी जाताना मी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवायचे. त्यातले दोन आमच्या पुरवठादाराशी मिळत्याजुळत्या नावाच्या खात्यात गेलेले निघाले. सही खरी, माझीच. बँकेने हात वर केले. ग्राहकांकडून घेतलेला करही पुढे भरलेला नव्हता. 'भरला' म्हणून मला दाखवलेली चलनं जुनीच, तारखा बदललेली. कर खात्याला हिशेबनिसाशी देणंघेणं नसतं, नोटीस मालकाच्या नावाने येते. व्याज आणि दंड मी घरच्या ठेवी मोडून भरले. धंदा माझ्या एकटीच्या नावावर होता, त्यामुळे धंद्याचं देणं आणि माझं देणं यांत कायद्याने भिंतच नव्हती.

सगळ्यात महागात पडला तो राग. पुरावा हातात आल्या आल्या मी त्याला फोन करून जाब विचारला. तो संध्याकाळी आला, रडला, आणि "सगळे पैसे परत करीन" असं एका कागदावर लिहून दिलं. मला वाटलं, झालं. तो गेल्यावर लक्षात आलं, ऑफिसच्या संगणकावरून बरंच काही पुसलेलं होतं आणि एक पावतीपुस्तक गायब होतं. वकीलबाईंनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "किती परत करणार? केव्हापर्यंत? कशाबद्दल? साक्षीदार कुठे आहे?" आधी सगळ्याच्या प्रती काढायच्या, बँकेतले त्याचे अधिकार बंद करायचे, मग वकील, आणि त्याच्याशी बोलणं सगळ्यात शेवटी. मी नेमका उलटा क्रम लावला. नेमणूकपत्रही कधी दिलं नव्हतं, त्यामुळे रोख स्वीकारणं आणि भरणं ही त्याची जबाबदारी होती, हेच आधी सिद्ध करत बसावं लागलं.

दोन हप्ते आले, मग फोन बंद. तक्रार दाखल आहे.

आता वही एकीकडे आणि पैसे दुसरीकडे, स्टेटमेंट थेट माझ्याकडे. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्षातून सलग दोन आठवडे रजा घ्यावीच लागेल, आणि तेव्हा तिचं काम दुसरं कुणीतरी करेल. ती हसून म्हणाली, "ताई, अशी सक्ती रोज करा."

हरवलेलं पावतीपुस्तक अजून सापडलेलं नाही. माझ्या माणसाने माझ्या शिक्क्याची पावती दिली, म्हणजे पैसे मला मिळाले असंच धरलं जातं. मागच्या आठवड्यात एका ग्राहकाने त्यातलीच एक पावती पाठवली. मी त्याच्या नावावरचं येणं खोडलं.