डिव्हाईनचा 'कोहिनूर' का 'पुण्य पाप'?

आमच्या गावात ट्रॅक्टरवर सध्या मुंबईचा रॅपर डिव्हाईन वाजते अन् पोट्टे भांडतात का कोणता अल्बम भारी. मले विचारसान तं 'पुण्य पाप', पण 'कोहिनूर'ले हलकं म्हणणाऱ्याशी आपलं जमत नाही. 'जंगली शेर' अन् 2015 ले रॅपर नेझीसोबतचं 'मेरे गली में' आलं, नाव झालं, पण पहिला पूर्ण अल्बम 2019 चा 'कोहिनूर'. त्यात अंधेरीच्या पोराची छाती फुगलेली हाय, 'चल बॉम्बे' लागलं का ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यावर बसलेलेबी मान हलवतात, मुंबई पाहिली नसली तरी. 2020 चा 'पुण्य पाप' मात्र आतून येते. रात्री ओलिताले गेल्यावर '3:59 एएम' लावून पाहा, मोटर चालू, लाईन कधी जाईन सांगता येत नाही, अन् हा माणूस कानात स्वतःशीच बोलून राहिला, नाव झाल्यावरबी डोक्यातली कटकट काही थांबली नाही बावा त्याची. 'मिर्ची'बी त्यातच हाय, म्हणजे नाचाची सोय केली हाय गड्यानं. पोळ्याच्या डीजेले तरी मी 'कोहिनूर'च म्हणीन. 2022 चा 'गुनेहगार' या भांडणात घेतच नाही, 'बाझीगर' सोडलं तं मले तो जमला नाही.