चूज अ लायसन्स साइट : लायसन्स निवडायला एक नंबर, मालकीबद्दल मात्र अजून सांगायला हवं होतं

कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि वाटायची साइट) टाकायचाय पण लायसन्स, म्हणजे दुसऱ्यांनी तो कसा वापरायचा याची लेखी परवानगी, कुठलं लावू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही साइट उघडायला सांगते. गिटहबनेच २०१३ मधे काढलीये, लॉगिन वगैरे काही नाही. पहिल्याच पानावर सरळ तीन पर्याय, दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधे काम करताय तर तिथलंच लायसन्स घ्या, साधं सुटसुटीत हवं तर एमआयटी नावाचं लायसन्स, आणि तुमचा कोड बदलून पुढे वाटणाऱ्याने पण त्याचा सोर्स (मूळ कोड) द्यायलाच हवा असं वाटत असेल तर जीपीएल व्ही३ हे लायसन्स.

मला सगळ्यात आवडतं ते प्रत्येक लायसन्सचं पान. हिरवे ठिपके म्हणजे परवानग्या, निळे म्हणजे अटी, लाल म्हणजे मर्यादा. एमआयटीला निळा ठिपका एकच, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढायचा नाही. कोड ओपन सोर्स केला, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुला केला, की हक्क गेले ही भीती इथेच जाते, कारण त्या ओळीत वर्ष आणि तुमचं नाव असतं, मालक तुम्हीच, दिलीये ती फक्त परवानगी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पण कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि रजिस्ट्रेशन केलं नाही तरी कॉपीराइट असतोच. (नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड मात्र वेगळा करार नसेल तर कंपनीचा, तेव्हा तो टाकायच्या आधी करार नीट वाचा प्लीज.)

लायसन्सच नको म्हणणाऱ्यांसाठीचं पान तर वाचाच. पब्लिक रेपो (प्रोजेक्टचं सगळ्यांना दिसणारं फोल्डर) लोक गिटहबवर बघू शकतात, फोर्क करू शकतात, म्हणजे तिथेच स्वतःची कॉपी काढू शकतात, पण लायसन्स नसेल तर तो कोड स्वतःच्या कामात वापरायची परवानगी त्यांना मिळत नाही.

एक स्टार कापलाय तो पुल रिक्वेस्टसाठी, म्हणजे तुमच्या कोडमधे आपला बदल घ्या अशी दुसऱ्याने केलेली विनंती. कोणी असा पॅच (बदल) पाठवला की गिटहबच्या नियमांप्रमाणे तो तुमच्याच लायसन्सखाली येतो, पण त्या ओळींचा कॉपीराइट त्या माणसाचाच राहतो. उद्या मायएसक्यूएल या डेटाबेससारखं एकीकडे जीपीएल आणि दुसरीकडे पैसे घेऊन कमर्शियल लायसन्स असं करायचं म्हटलं तर अशा प्रत्येकाची परवानगी लागणार, म्हणून सीएलए, म्हणजे पॅच पाठवणाऱ्याने त्याच्या कोडचे हक्क तुम्हाला वापरू देण्याचा करार, आधीच करून घ्यावा लागतो. पहिल्या पानावर याचं नावही नाही, आणि मालकी जपायची असेल तर हे पहिला पॅच मर्ज करायच्या (आपल्या कोडमधे घ्यायच्या) आधी कळायला हवं, नंतर एकेकाला मेल करत बसणं फार अवघड जातं.

पाचपैकी चार. एकट्याने लिहिलेला कोड असेल तर बिनधास्त इथूनच लायसन्स उचला.