टेलिस्कोपिक सिलिंडरची लिफ्ट: प्रेशरवर चालवावी की लांबीवर?

भोसरीच्या शेडमध्ये डाय, म्हणजे जड साचे, चढवायला लिफ्ट हवी होती. खड्डा उथळ आणि उचल 2.1 मीटर, म्हणून तीन स्टेजचा, म्हणजे एकात एक बसणाऱ्या तीन नळ्यांचा, सिंगल अ‍ॅक्टिंग सिलिंडर घेतला (तेल फक्त वर ढकलतं, खाली तो वजनाने येतो): व्यास 110, 90 आणि 70 मिमी. मोठी नळी आधी निघते, धाकटी शेवटी. प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह हवा तेवढा कमी-जास्त करणारा) आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) ठरलेलंच होतं. सिलिंडर कुठल्या स्टेजवर आहे हे पीएलसीला सांगणार कोण, तेलाचा दाब मोजणारा प्रेशर ट्रान्समीटर की ओढल्या जाणाऱ्या तारेवरून लांबी मोजणारा ड्रॉ-वायर सेन्सर, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

आधी प्रेशर निवडलं. ट्रान्समीटर स्वस्त, तेलाच्या लाइनवर टी-जोड टाकून बसतो, धुळीचा त्रास नाही. नळी बारीक झाली की त्याच वजनाला प्रेशर वाढतं, त्यावरून स्टेज कळते. रोज एकाच वजनाचा माल चढवणार असाल, तर आजही मी त्याला नको म्हणणार नाही. आमच्याकडे कधी 2 टनांची डाय, कधी 5 टनांची. 5 टन पहिल्या स्टेजवर 52 बार दाखवतात आणि 2 टन तिसऱ्या स्टेजवर 51. यावरून स्टेज कशी ओळखणार?

मग स्टेज बदलताना येणारी प्रेशरची उडी पकडायचा प्रोग्रॅम केला. उडी पकडलीही जायची, पण तोवर धक्का बसून गेलेला असायचा. त्या धक्क्याने मला खरंच वैताग आणला. मिनिटाला 20 लिटर तेलावर पहिली स्टेज सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर चढते, तिसरी साडेआठच्या वर. स्टेज बदलली की पाच टनांची डाय लाकडी ठोकळ्यांवर दणकन हलायची आणि शेजारी उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरायचा.

ड्रॉ-वायर सेन्सर लावला तेव्हा हे थांबलं. पीएलसीत तीन क्षेत्रफळं आणि स्टेज बदलायच्या दोन लांब्या भरल्या. बदलाच्या 50 मिमी आधीच व्हॉल्व्ह हळूहळू मिटतो आणि पुढे नव्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने उघडतो. प्लॅटफॉर्मवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवून पाहिला. आधी दोन्ही बदलांना सांडायचा, आता पाणी नुसतं थरथरतं.

वायरही बिनचूक नाही. डिसेंबरच्या एका सकाळी मधली स्टेज अडली आणि धाकटी आधी निघाली. लांबीचा हिशोबच चुकला. म्हणून जुना ट्रान्समीटर काढला नाही. स्टेज बदलायची लांबी यायच्या आधीच प्रेशरने उडी घेतली, तर लिफ्ट थांबते. तुम्हाला एकच घ्यायचा असेल, तर माझ्या मते वायर घ्या. फक्त ग्राइंडरच्या बाजूला लावू नका. आमची पहिली वायर लोखंडाची कणी खाऊन अडकायला लागली होती, आता ती पत्र्याच्या चॅनेलमध्ये आहे.